हातावरची वस्ती

नवजात विभागाच्या दाराशी ते यंत्र बसलं, तेव्हा सिस्टर प्रफुल्ला उजागरे यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. जेवणाच्या डब्याएवढी पांढरी पेटी, वर एक बारीकसा दिवा. दिसायला काहीच नाही. पण २०४१च्या जानेवारीत कऱ्हाडजवळच्या निर्मलाताई ठोंबरे रुग्णालयात सगळे जण येता-जाता तिच्याकडे बघत होते.

"सिस्टर, आता तुम्हाला दाराआड उभं राहायला नको," संचालक डॉ. कुलदीप निकम सगळ्यांसमोर म्हणाले, आणि हशा पिकला.

ते खरंच होतं. जंतुसंसर्ग रोखण्याचं खातं प्रफुल्लाबाईंकडे होतं. म्हणजे सोप्या भाषेत, लोकांना हात धुवायला लावण्याची नोकरी. एकोणीस वर्षं त्यांनी भित्तिपत्रकं लावली, व्याख्यानं दिली, आणि हातात कागद घेऊन दाराआडून मोजलं, रुग्णाला हात लावण्याआधी किती जणांनी हात धुतले, किती जणांनी नाही. त्या समोर उभ्या असल्या की शंभरातले नव्वद धुवायचे. पाठ फिरली की चाळीस. डॉक्टर असोत, सिस्टर असोत, वॉर्डातल्या मावश्या असोत, आकडा हलत नव्हता.

त्या हशात प्रफुल्लाबाईंना एकदम जुन्या इमारतीतली मोरी आठवली. लांबलचक, काळ्या दगडाची, पितळी चावीचे चार नळ असलेली. एकविसाव्या वर्षी त्या नगरहून इथे शिकायला आल्या, तेव्हा सकाळी सातला बारा मुलींची रांग त्या मोरीपाशी लागायची. समोर मेट्रन कॉर्नेलिया आवळे. मेट्रनबाई तेलात कालवलेली नीळ प्रत्येकीच्या तळहातावर चोपडायच्या आणि डोळे मिटून हात धुवायला सांगायच्या. लाल साबणाची वडी, गार पाणी, आणि एक कडवं गाऊन होईपर्यंत चोळायचं. डोळे उघडले की नीळ कुठे राहिली ते दिसायचं.

"अंगठा राहिला, प्रफुल्ला. अंगठा काय सासरी दिलायस?"

बारा जणी हसायच्या. थंडीत बोटं बधिर व्हायची, साबणाचा वास दुपारच्या भाकरीला यायचा. तो वास आता कुठेच येत नाही, असं त्यांना पुष्कळदा वाटे. आता भिंतीवरच्या डब्याखाली हात धरला की फेस पडतो, त्याला वासच नसतो.

यंत्राचं शास्त्र प्रयोगशाळेच्या प्रमुख अमीना मुजावर यांनी कँटीनमध्ये सगळ्यांना समजावून सांगितलं. पस्तिशीची, झरझर बोलणारी बाई.

"आपल्या तळहातावर एक वस्ती असते," अमीना म्हणाली. "तिथं जंतूंची काही घराणी कायमची राहतात. ती निरुपद्रवी असतात आणि प्रत्येक माणसाची वेगळी असतात. काही तर जन्मभर जागा सोडत नाहीत. हे झाले रहिवासी. आणि आपण रुग्णाला हात लावतो तेव्हा त्याच्याकडचे जंतू हाताला लागतात. ते पाहुणे. हात धुतले की पाहुणे जातात, रहिवासी राहतात. नाही धुतले तर पुढच्या बाळाला हात लावताना पाहुणा तिथं उतरतो. पण तो एकटा उतरत नाही. त्याच्याबरोबर आपले चार रहिवासीही सांडतात."

पाळण्याच्या कडेला चिकटपट्ट्या लावलेल्या असत. त्यावर जे पडेल त्याची जनुकं यंत्र दोन तासांत वाचायचं आणि सांगायचं, की तीन नंबरच्या बाळाकडचा जंतू सात नंबरच्या बाळाकडे गेला, आणि तो अमक्याच्या हाताने गेला. त्यासाठी सगळ्यांच्या तळहातांचे नमुने आधीच घेऊन ठेवले होते.

दर सोमवारी कॉरिडॉरमध्ये यादी लागू लागली. नाव, आणि नावापुढे किती पाहुणे वाहून नेले तो आकडा.

महिन्याभरात हात धुण्याचं प्रमाण शंभरात शहाण्णववर गेलं. एकोणीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते त्या डब्याने केलं. प्रफुल्लाबाईंनी चर्चमध्ये मनातल्या मनात आभारही मानले.

मार्चमधल्या एका सकाळी त्या नवजात विभागात शिरल्या, तर सहा नंबरचं बाळ रडत होतं. बराच वेळ रडत असावं, कारण आवाज बसला होता. तेजल नावाची नवी सिस्टर पाळण्यापासून दोन हात लांब, हात पाठीमागे बांधून उभी होती.

"अगं, रडतंय ते!"

"मॉनिटर ठीक आहे, सिस्टर. दूधही झालंय," तेजल म्हणाली. मग हळूच म्हणाली, "उगाच हात कशाला लावायचा? मागच्या सोमवारी माझं नाव लागलं होतं. घरी पण कळलं."

प्रफुल्लाबाईंनी हात धुतले, बाळाला उचललं. दोन मिनिटांत ते त्यांच्या खांद्यावर झोपलं. मग त्या सरळ अमीनाकडे गेल्या.

"यंत्र नुसते पाहुणे मोजतं की हात किती वेळा लागला तेही मोजतं?"

"दोन्ही मोजतं. दुसरा आकडा कुणी विचारत नाही."

अमीनाने आकडे काढले. जानेवारीत एका बाळाला दिवसभरात जितक्या वेळा माणसाचा हात लागे, त्याच्या निम्म्याच वेळा आता लागत होता.

डॉ. निकमांनी ऐकून घेतलं, पण मानलं नाही. "संसर्ग कमी झालाय ना? नावं काढली की पुन्हा चाळीसवर येऊ, हे तुम्हीच मला शिकवलंय. आणि सिस्टर, नाव लागल्यानं असं कुणाचं वाटोळं झालंय हो?"

प्रफुल्लाबाईंना एक नाव आठवलं. शेवंतामावशी.

शेवंता नांगरे मसूरच्या पलीकडच्या एका वाडीतून यायची. जुन्या इमारतीत नवजात विभागात मावशी म्हणून कामाला होती. त्याआधी गावात बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायची. पाय पसरून, त्यावर बाळाला पालथं घालून ती असं काही अंग चोळायची, की रडकं बाळही सैल पडायचं. प्रफुल्लाबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या. दुपारी मावशी आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांच्या पानात वाढायची आणि म्हणायची, "खा शिस्टर, लेकरं संभाळायला अंगात रगत पायजे."

२०१२च्या सप्टेंबरात त्या विभागात जंतुसंसर्ग झाला. आठवड्यात तीन बाळं गेली. सगळ्यांच्या तळहातांवर आणि बाळांच्या अंगावर कापसाचे बोळे फिरवून तपासणी झाली. तो जंतू एकाच हातावर सापडला, शेवंतामावशीच्या. तिसऱ्या दिवशी तिला काढून टाकलं. जाताना ती जिन्यात भेटली. "म्या हात धुतलं हुतं, शिस्टर," एवढंच म्हणाली. प्रफुल्लाबाईंनी सरकून तिला वाट दिली.

"२०१२च्या तपासणीतले ते बोळे अजून असतील?" त्यांनी दुसऱ्या दिवशी अमीनाला विचारलं.

"असतील. आमच्या आधीचे सर काहीच फेकायचे नाहीत. शीतपेटीत आहेत, लेबलांसकट."

चार दिवसांनी अमीनाने त्यांना बोलावलं. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. तिने आधी दार लावलं.

"सिस्टर, बसा."

"उभीच बरी आहे मी. सांग."

"जंतू वाढतो तेव्हा स्वतःची नक्कल करतो. नक्कल करताना मधूनच एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या प्रत्येक नकलेत तशीच उतरते. त्यामुळे चुका क्रमाने लावून बघितल्या की जंतू आधी कुठे होता, मग कुठे गेला, ते कळतं." अमीना पडद्याकडे बघून बोलत होती. "शेवंताबाईंच्या हातावरच्या जंतूत ज्या चुका आहेत, त्या तिसऱ्या बाळाच्या अंगात झालेल्या आहेत. त्यांनी बाळाला काही दिलं नाही. बाळाकडूनच त्यांच्या हाताला लागलं. तीनही बाळं आजारी पडल्यावर."

प्रफुल्लाबाईंनी श्वास सोडला. "म्हणजे ती खरं बोलत होती."

"हो."

"मग पहिल्याकडचं दुसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडे कुणी नेलं?"

अमीनाने पडदा त्यांच्याकडे वळवला. बाळांच्या बोळ्यांवर सांडलेले रहिवासी एका बाजूला होते. दुसऱ्या बाजूला, जानेवारीत घेतलेला एका तळहाताचा नमुना. खाली नाव होतं. उजागरे, प्रफुल्ला.

आता मात्र त्या बसल्या.

तो दिवस त्या विसरल्याच नव्हत्या, फक्त त्यांनी तो कधी या बाजूने पाहिला नव्हता. दुसरी सिस्टर रजेवर होती. अकरा बाळं आणि त्या एकट्या. मोरी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. कुणाचा तरी श्वास थांबे, की धावत जाऊन टाचेवर टिचकी मारायची, मग ते दचकून पुन्हा श्वास घ्यायचं. तेवढ्यात दुसरीकडे सलाईन संपलेलं. एका बाळाला तासाला पाचदा हात लागतो म्हटलं तर अकरा बाळांना पंचावन्न वेळा. दर वेळी चाळीस सेकंद नीट हात धुवायचे, तर तासातली सदतीस मिनिटं मोरीवरच जातात. उरलेल्या तेवीस मिनिटांत अकरा बाळं जगवायची. त्या दिवशी त्यांनी धावायचं ठरवलं होतं. ठरवलं होतं असंही नाही. पाय धावत होते.

"हे आपल्या दोघींतच राहू शकतं," अमीना म्हणाली. "मी कुणाला सांगितलेलं नाही."

"बघते," प्रफुल्लाबाई म्हणाल्या. पुढे त्यांना आठवेना, त्या घरी कशा पोचल्या.

रविवारी उपासना संपल्यावर त्या नेहमीप्रमाणे मेट्रनबाईंकडे गेल्या. कॉर्नेलिया आवळे आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या, चर्चमागच्या दोन खोल्यांत भाचीबरोबर राहत होत्या. संधिवाताने त्यांची बोटं वेडीवाकडी झाली होती. दर रविवारी प्रफुल्लाबाई त्यांच्या हातांना कोमट तेल लावत.

"सलाम, बाई."

"ये गं. आज उशीर झाला."

तेल लावता लावता प्रफुल्लाबाईंनी सगळं सांगितलं. मेट्रनबाईंनी डोळे मिटून ऐकलं. शेवटी प्रफुल्लाबाई म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत कसं असणार? तेव्हा असली यंत्रं कुठे होती." "पण संशय होता. त्या दिवशी तुला एकटीला ड्युटी मीच लावली होती. चौकशी पुढे गेली असती तर आधी तुझ्यापाशी आली असती, मग माझ्यापाशी. मावशीच्या हातावर सापडलं आणि मी प्रश्न विचारायचे थांबवले."

"का, बाई?"

"तू मला हवी होतीस. माझ्या हाताखाली तयार झालेली तुझ्यासारखी मुलगी पुन्हा मिळाली नसती. मावशी काय, दुसरी मिळेल, असं वाटलं." त्यांचा आवाज बारीक झाला. "असं वाटलं मला, प्रफुल्ला. रोज देवापुढे बोलते. माणसापुढे आज पहिल्यांदा बोलले."

प्रफुल्लाबाईंच्या हातात मेट्रनबाईंचा डावा हात होता. याच हाताने त्यांच्या तळव्यावर नीळ चोपडली होती, पहिल्या पगाराच्या दिवशी पाठ थोपटली होती, आई गेली तेव्हा हाच हात डोक्यावरून फिरला होता. त्यांनी डाव्या हाताला तेल लावून संपवलं. उजव्या हाताला लावणं त्यांच्याने झालं नाही. वाटी खाली ठेवून त्या उठल्या. पुढचे तीन रविवार त्या तिकडे फिरकल्या नाहीत. चौथ्या रविवारी गेल्या.

मधल्या काळात त्यांनी सभा बोलवायला सांगितली. डॉ. निकम, विभागांचे प्रमुख, तेजलसारख्या नव्या मुली, विश्वस्त मंडळाचे दोघे, अशी पंचवीसेक माणसं जमली. अमीनाने आकडे दाखवले. तिसऱ्या बाळापर्यंतचा माग पडद्यावर आला, तेव्हा प्रफुल्लाबाई उभ्या राहिल्या.

"हे नाव माझं आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या बाळाकडचा जंतू दुसऱ्या दोन बाळांपर्यंत माझ्या हातानं गेला. हात कसे धुवायचे हे मला या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त चांगलं येतं. तेव्हाही येत होतं. यंत्र खोटं सांगत नाही. पण ते हात बघतं, त्या हाताखाली किती बाळं होती ते बघत नाही. यादी लावायचीच असेल तर माझं नाव सर्वांत वर लावा. पण त्याशेजारी लिहा, एक सिस्टर, अकरा बाळं."

मागे बसलेल्या तेजलच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. डॉ. निकम चष्मा काढून पुसत राहिले.

"आणि त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत, नाव लागल्यानं कुणाचं वाटोळं झालंय," प्रफुल्लाबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. "वाटोळं झालं होतं. शेवंता नांगरे तिचं नाव."

सगळं काही एका दिवसात बदललं नाही. सोमवारची यादी पाच आठवड्यांनी बंद झाली. यंत्र राहिलं, पण ज्याचा आकडा त्यालाच दाखवू लागलं. हात किती वेळा लागला हेही बघायचं ठरलं. नवजात विभागात चार बाळांमागे एक सिस्टर असा नियम झाला. बाकीच्या विभागांसाठी विश्वस्त मंडळ अजून विचार करत होतं. प्रफुल्लाबाईंवर एक चौकशी बसली आणि ताकीद देऊन मिटली.

त्या तीन बाळांच्या घरी त्यांनी स्वतः पत्रं लिहिली. दोन परत आली, पत्त्यावर कुणी राहत नव्हतं. तिसऱ्या घरून फोन आला. एक म्हातारा आवाज होता. तो रागावला नाही, रडला नाही. म्हणाला, "त्याचं नाव ठेवायचं राहिलं होतं, बाई. तुमच्या वहीत काय लिहिलं होतं?"

"सौ. कुसुम यांचं बाळ," प्रफुल्लाबाई म्हणाल्या. त्यांना ते पाठ होतं.

"बरं," आवाज म्हणाला. "कुसुम गेली मागच्या वर्षी." आणि फोन बंद झाला.

शेवंता नांगरे यांना कामावरून काढणं चुकीचं होतं, अशा अर्थाचं पत्र रुग्णालयाकडून मिळायला जून उजाडला. ते टपालाने न पाठवता प्रफुल्लाबाई सकाळच्या एसटीने मसूरला उतरल्या आणि रिक्षाने वाडीवर गेल्या.

ओसरीत खाटेवर शेवंतामावशी बसली होती. पंचाहत्तरीची, वाळून एवढीशी झालेली. हातांना सारखा कंप होता. त्यांना बघून तिने डोळे बारीक केले.

"कोन? प्रफुल्ला शिस्टर का? केस पांढरं झालं की गं!"

सून रूपाली पाणी घेऊन आली. आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. नात ईश्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ बारा दिवसांचं होतं.

प्रफुल्लाबाईंनी पत्र वाचून दाखवलं. मग कागद बाजूला ठेवला आणि आपल्या तोंडाने सांगितलं, कुणाच्या हाताने काय झालं ते. रूपाली उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती.

शेवंतामावशी ओसरीखाली चरणाऱ्या कोंबड्यांकडे बघत होती.

"नोकरी गेली त्याचं काय न्हाई," ती म्हणाली. "शेतात राबून खाल्लं. पन त्या दिसापास्नं गावात एका बी घरानं मला बाळाला न्हाऊ घालाया बोलवलं न्हाई. एकोनतीस वर्सं. ही ईश्वरी जन्मली, तर माझ्याच घरात माझ्या मांडीवर दिली न्हाई कुनी."

रूपालीने मान खाली घातली. "आत्या, मी तेव्हा नवी होते. लोक बोलायचे. मला भीती वाटली."

"तुला काय म्हनू? मला बी कधी कधी वाटायचं, आसंल बाई माझ्याच हातानं झालं आसंल."

प्रफुल्लाबाईंना हे वाक्य सर्वांत जास्त लागलं. त्यांनी हात जोडले.

ईश्वरी बाळाला घेऊन आतून कधी आली होती ते कुणाला कळलं नव्हतं. ती खाटेपाशी वाकली आणि म्हणाली, "आजी, घे."

शेवंतामावशीने हात पुढे केले. ते थरथरत होते. तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मागे घेतले.

"आता न्हाई गं माझ्यानं. सुटून पडंल लेकरू." मग तिने सुनेला हाक मारली. "रूपाली, पानी तापीव. आंगोळ झाली का न्हाई त्याची?"

"अजून व्हायची आहे."

"मग हितंच हुंदे, माझ्या म्होरं. ईश्वरे, पाट घे. पाय लांब कर. आसं न्हाई, घोटं जोडून. शिस्टर, तुमी वो कशाला हात जोडून बसलाय? उठा, तांब्या घ्या."

प्रफुल्लाबाई उठल्या. रूपालीने ऊन पाण्याचं घंगाळ ओसरीच्या कडेला आणून ठेवलं. ईश्वरीने पसरलेल्या पायांवर बाळाला पालथं घातलं, पण तिचे हात अवघडले होते.

"मानंखाली हात घाल. भिऊ नगंस, ते काय काचंचं न्हाई," खाटेवरून शेवंतामावशी सांगत होती. "आता पाठीवरनं खाली चोळ. अंगठ्यानं. हां, आसं. शिस्टर, पानी वता, धार बारीक ठेवा."

प्रफुल्लाबाई बारीक धारेने पाणी ओतू लागल्या. पहिल्या धारेला बाळ किंचाळलं, दुसऱ्या धारेला कुरकुरलं. मग त्याच्या मुठी उघडल्या आणि ते सैल पडून राहिलं.

"बघा," शेवंतामावशी पुढे झुकून म्हणाली. "लागली गुंगी त्याला. वता शिस्टर, थांबू नगा."